मैदानाची वेळ कोण ठरवतं?

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. ताई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. कॉलेजात कबड्डी आणि व्हॉलीबॉल खेळल्या, पुढे काही वर्षं शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. आता मिशिगनमध्ये राहतात आणि तिथल्या एका शाळेत मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवायला मदत करतात. या वेळी पत्रांचा रोख शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या खेळावर होता.)

प्रश्न : ताई, आमच्या शाळेला मैदान एकच. पाचला शाळा सुटली की मुलांचं क्रिकेट सुरू होतं ते अंधार पडेपर्यंत. मुलींच्या कबड्डीला सकाळी साडेसहाची वेळ दिली आहे. निम्म्या मुली एसटीने येतात आणि पहिली गाडीच साडेसातला पोचते. मुख्याध्यापकांकडे गेले तर म्हणतात, "मैदान एक आहे, तुम्हाला वेळ दिलीय ना?" अमेरिकेत मैदानं भरपूर, तिथे हा प्रश्न येत नसेल.
— शारीरिक शिक्षण शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : येत नाही कसा! बाई, आमच्या मिशिगनमध्ये याच "जागा एकच आहे"वरून नऊ वर्षं कोर्टकचेरी चालली.

इथे शाळेचे खेळ हंगामावर चालतात. शाळा उघडली की फॉलचा, म्हणजे शरद ऋतूचा, मग हिवाळ्याचा, मग वसंताचा. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल दोन्ही जिममध्ये, म्हणजे शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहात, आणि जिम बहुतेक शाळांना एक. म्हणून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने पाळ्या लावून दिल्या होत्या. मुलांचं बास्केटबॉल हिवाळ्यात, मुलींचं बास्केटबॉल त्याआधी फॉलमध्ये, मुलींचं व्हॉलीबॉल हिवाळ्यात. कागदावर काही खुपत नाही. मेख अशी, की बाकी जवळजवळ सगळ्या देशात मुलींचं वेळापत्रक याच्या उलटं होतं. कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू हेरायला कधी फिरतात, शिष्यवृत्त्या कधी ठरतात, देशपातळीवरच्या निवड याद्या कधी लागतात, हे सगळं देशाच्या वेळापत्रकाने चालतं. मिशिगनच्या मुली त्यात कायम अवेळी. मुलांचं बास्केटबॉल मात्र साऱ्या देशाबरोबर, ऐन हंगामात.

ग्रँड रॅपिड्स भागातल्या काही पालकांनी 'कम्युनिटीज फॉर इक्विटी' नावाचा गट काढला आणि १९९८ मध्ये खटला भरला. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल धरून मुलींच्या सहा खेळांची तक्रार होती. संघटनेचं म्हणणं तुमच्या मुख्याध्यापकांसारखंच : जिम मर्यादित, पंच मर्यादित, प्रशिक्षक मर्यादित, आणि हंगाम वेगळे ठेवले म्हणूनच जास्त मुलींना खेळता येतं. २००१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बरं, हंगाम वेगळे ठेवायलाच हवेत असं धरून चालू. मग गैरसोयीचा हंगाम दर वेळी मुलींच्याच वाट्याला का? काही खेळांत मुलांनी घ्यावा, काही खेळांत मुलींनी. संघटना अपिलात गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं, आणि अखेर २००७-०८ च्या शालेय वर्षापासून हंगाम बदलले. ज्या मुलींकडे बघून खटला भरला, त्या तोवर शाळा संपवून कधीच बाहेर पडल्या होत्या. मी आज ज्या मुलींना शिकवते त्यांना हे ठाऊकही नाही. त्यांच्या लेखी व्हॉलीबॉल ऑगस्टातच सुरू होतं.

आता तुमच्या मैदानाकडे येऊ. "मुलींना वेळ मिळत नाही" असं बोलू नका. ते लगेच वेळापत्रक दाखवतील आणि तुम्ही खोट्या पडाल. वेळ मिळालीय, ती वापरता येत नाही, हे दाखवायचंय. एक वही घाला. महिनाभर रोज लिहा : मैदानावर कोण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती जण. शेजारी कबड्डीच्या मुलींची नावं, कोण कुठल्या गावाहून येते, कुठल्या गाडीने. एसटीचं वेळापत्रक त्याच पानाला चिकटवा. महिना संपला की मुख्याध्यापकांपुढे वही ठेवा आणि एवढंच मागा : सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळ मुलींची, उरलेले दिवस मुलांचे. मुलींच्या दिवशी क्रिकेटवाल्यांनी सकाळी साडेसहाला यावं. एसटीने येणारी मुलंही असतीलच की. मग बघा, गाडीच्या वेळेबद्दल आगाराला शाळेचं पत्र किती लवकर जातं ते.

शाळा अनुदानित असेल तर क्रीडा साहित्यावरचा खर्च माहिती अधिकारात मागता येतो. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. मात्र तो अर्ज तुम्ही करू नका, तुम्हाला त्याच शाळेत नोकरी करायची आहे. एखाद्या खमक्या आईला पुढे करा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं, प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचं साहित्य हवं असं लिहिलंय. वर्गात मुलीही बसतात, हे शाळा समितीला कुणी तरी आठवण करून द्यायला हवं.

प्रश्न : 'टायटल नाइन' या अमेरिकन कायद्याबद्दल अनेकदा वाचलं. खेळांसाठी मुलांइतकाच पैसा मुलींवर खर्च करावा, असा तो कायदा आहे का? आपल्याकडे असं काही का नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो खेळांचा कायदाच नाही. २३ जून १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्त्यांच्या एका मोठ्या विधेयकावर सही केली. त्यातलं हे नववं प्रकरण, म्हणून टायटल नाइन. मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं. मतलब असा, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणक्रमातून किंवा उपक्रमातून कुणालाही केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून वगळता येणार नाही, त्याचे फायदे नाकारता येणार नाहीत, भेदभाव करता येणार नाही. खेळ हा शब्द त्या वाक्यात नाही. डोळ्यांपुढे होते ते कॉलेजचे प्रवेश आणि प्राध्यापकांच्या नोकऱ्या. कायद्यामागच्या खासदारांपैकी एक, हवाईच्या पॅट्सी मिंक, यांना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकल कॉलेजांनी दारं बंद केली म्हणून त्या वकिलीकडे वळल्या. त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

खेळवाल्यांना धोका कळला तो नंतर. मग जी धावपळ झाली! टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये दुरुस्ती आणली, की ज्या खेळांतून कॉलेजला पैसा मिळतो ते कायद्याबाहेर ठेवा. म्हणजे अर्थातच फुटबॉल, त्यांचा तो हाताने खेळायचा. ती दुरुस्ती टिकली नाही. १९७५ मध्ये नियम आले, शाळा-कॉलेजांना अंमलबजावणीसाठी तीन वर्षं मिळाली आणि १९७९ मध्ये सरकारने अर्थ आणखी स्पष्ट केला.

पैशाचं म्हणाल तर डॉलरला डॉलर मोजत नाहीत. शिष्यवृत्त्यांची रक्कम खेळणाऱ्या मुला-मुलींच्या प्रमाणात हवी, हे खरं. बाकी बघतात ते असं : गणवेश आणि साहित्य कसं, सरावाची वेळ कुठली, प्रवास बसने की विमानाने, मुक्काम कुठे, प्रशिक्षक किती अनुभवी, कपडे बदलायची खोली कशी, दुखापत झाली तर डॉक्टर आहे का. मला या कायद्यातला हाच भाग सर्वांत आवडतो. समता म्हटलं की व्यासपीठावर भाषणं होतात, आणि इथे सरकारी कागद चक्क टॉवेल नि लॉकर मोजत बसतो.

फरक किती पडला? १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलांत २ लाख ९४ हजार मुली शाळेच्या संघांत खेळत होत्या आणि मुलगे ३६ लाख ६७ हजार. २०१८-१९ मध्ये मुली ३४ लाखांवर गेल्या. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण नीट बघा : कायदा आला त्या साली जितके मुलगे खेळत होते, तितक्या मुली जवळजवळ अर्ध्या शतकानंतरही झालेल्या नव्हत्या.

आपल्याकडे असं का नाही, हा प्रश्न मात्र अर्धाच बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये राज्यसंस्थेला लिंगावरून भेदभाव करायला मनाई आहे आणि त्याच कलमात स्त्रियांसाठी खास तरतूद करायला मुभा आहे. १९५० पासून आहे, अमेरिकेच्या बावीस वर्षं आधी. शाळेचं मैदान त्या कलमाने मोजायला कुणी बसलं नाही. लॉकर मोजणारा तो कागद आपल्याकडे नाही, एवढं खरं.

प्रश्न : माझा मुलगा हायस्कूलमध्ये कुस्ती खेळतो, चांगला खेळतो. ज्या कॉलेजवर त्याचा डोळा होता तिथला मुलांचा कुस्ती संघ बंद झाला. त्याचे कोच म्हणतात, "टायटल नाइनने मारलं." मुलींना मिळावं, पण माझ्या मुलाचं काढून का? तुम्ही मुलींची बाजू घेणार हे माहीत आहे, तरी विचारतो.
— एक वडील, न्यू जर्सी

उत्तर : दादा, बाजू घेणारच, पण तुमचं गाऱ्हाणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मुलांची कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, पोहणं असे संघ अनेक कॉलेजांनी गुंडाळले आणि ती मुलं उघड्यावर पडली. सकाळी उठून वजन उतरवणाऱ्या पोराला कायद्याची कलमं ऐकवून काय उपयोग.

तरी कोचनी अर्धीच गोष्ट सांगितली. संधी पुरेशी आहे हे दाखवायला कॉलेजला तीन वाटा आहेत आणि त्यांतली कुठलीही एक पुरते. पहिली, एकूण विद्यार्थ्यांत मुली जितक्या टक्के तितक्याच टक्के खेळाडूंत. दुसरी, मुलींसाठी संघ वाढवत आणल्याचा इतिहास आणि ते अजून चालू असणं. तिसरी, ज्या मुलींना खेळायची इच्छा आणि कुवत आहे त्यांची सोय पूर्ण झालेली असणं. मुलांचा संघ बंद करा, असं यात कुठे आहे? बंद करणं ही पहिल्या वाटेवरची पळवाट आहे, आणि ती कुठून काढायची हे कॉलेज ठरवतं. वरच्या गटातल्या कॉलेजांच्या फुटबॉल संघात बरीच वर्षं ८५ शिष्यवृत्त्या होत्या. मैदानावर एका वेळी खेळतात अकरा. तिथे हात लावायची कुणाची छाती होत नाही, कारण माजी विद्यार्थी, देणग्या, शनिवारचं भरलेलं स्टेडियम. मग सुरी फिरते ती कुस्तीवर, आणि बोट दाखवतात व्हॉलीबॉलच्या पोरींकडे.

यातला नावाजलेला खटला ब्राउन विद्यापीठाचा. १९९१ मध्ये काटकसर म्हणून त्यांनी मुलींचे जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, मुलांचे गोल्फ आणि वॉटर पोलो या संघांचा खर्च थांबवला. दोन यांचे, दोन त्यांचे, झाली की बरोबरी! पण रक्कम बघितली तर मुलींच्या दोन संघांतून साधारण ६२ हजार डॉलर वाचत होते आणि मुलांच्या दोहोंतून १६ हजारांच्या आसपास. शिवाय विद्यापीठात मुली निम्म्याच्या जवळ, खेळाडूंत मात्र ३७ टक्क्यांच्या आसपास. जिम्नॅस्ट एमी कोहेन आणि तिच्या सोबतिणी कोर्टात गेल्या. विद्यापीठाचा बचाव होता, की मुलींना मुळात खेळाची आवड कमी. हे वाक्य मी सांगलीतही ऐकलंय, जवळजवळ शब्दाला शब्द. अपील न्यायालयाने १९९६ मध्ये ते उडवून लावलं : आवड आणि कुवत हवेत तयार होत नाहीत, संधी आणि अनुभव मिळाला की वाढतात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगते. सरकारी मदत घेणाऱ्या आणि खेळांचे संघ असलेल्या कॉलेजांना मुला-मुलींच्या खेळांवरचा खर्च दर वर्षी सरकारला कळवावा लागतो आणि तो शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. ज्या कॉलेजांचा विचार करताय त्यांचे आकडे मुलाबरोबर बसून काढा. फुटबॉलवर किती, कुस्तीवर किती. त्यातून दोन गोष्टी होतील : कुठल्या कॉलेजात कुस्ती खरोखर जिवंत आहे ते कळेल, आणि पोराचा राग योग्य जागी जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या गटातली कॉलेजं आणि कम्युनिटी कॉलेजं यादीतून काढू नका. कुस्तीची चांगली मुलं तिथेही आहेत.

आणि एक. मुलींची कुस्ती इथे झपाट्याने वाढतेय. २०२५ मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनसीएएने, तिला अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा दिला. जिथे मुलींचा संघ निघतो तिथे मॅट येते, कोच येतो, तालीम राहते. तुमच्या पोराच्या खेळाला पुढे आधार मिळाला तर याच मुलींमुळे मिळण्याची शक्यता मला जास्त दिसते. माझं थोडं माहेरचं कौतुकही असेल यात. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी आमच्या सांगलीत झाली, २०२३ मध्ये, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली.

प्रश्न : मी कॉलेजच्या हँडबॉल संघात आहे. बाहेरगावी स्पर्धेला गेलं की मुलींना कपडे बदलायला जागा नसते. मागच्या वेळी एका वर्गात बदलले, दाराला कडी नव्हती. सरांना सांगायची लाज वाटते. ते वाईट नाहीत, पण त्यांना सुचतच नाही. काय करावं?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अगं, आमच्या वेळीही दोघींनी चादर धरायची, तिसरीने तिच्याआड बदलायचं, चौथीने दाराला पाठ लावून उभं राहायचं. खिडकीचं एक तावदान गेलेलं असायचंच. संघातल्या काही जणी सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसत, कारण संडासची सोय नाही. उन्हात, मातीच्या मैदानावर, पाणी न पिता चढाई करायची! पायात गोळे आले की सर म्हणायचे, "पोरींना स्टॅमिना नाही." हे तुमच्याकडे अजून होत असेल तर पहिलं ते थांबवा. पाणी सोडायचं नाही.

आता येल विद्यापीठाचा किस्सा ऐक. नाव केवढं, श्रीमंती केवढी! १९७६ मध्ये तिथल्या मुलींच्या नौकानयन संघाला नदीकाठच्या बोटघरात अंघोळीची सोय नव्हती. सराव थंडीत. मुलं गरम पाण्याने अंघोळ करून कपडे बदलायची, आणि मुली ओल्या अंगाने बसमध्ये त्यांची वाट बघत बसायच्या. मुली आजारी पडायच्या. अर्ज-विनंत्या झाल्या, काही हललं नाही. ३ मार्च १९७६ ला कर्णधार क्रिस अर्न्स्ट आणि अठरा जणी शारीरिक शिक्षण विभागाच्या संचालक बाईंच्या कचेरीत गेल्या, बरोबर वार्ताहर. आत जाऊन अंगावरचे स्वेटशर्ट काढले. पाठीवर, छातीवर शाईने 'टायटल नाइन' लिहिलेलं. क्रिसने तशाच उभ्याने निवेदन वाचलं : ज्या शरीरांच्या जिवावर विद्यापीठ मिरवतं ती ही शरीरं, ही भिजतात, कुडकुडतात, आजारी पडतात. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी. मग काय, वर्षभरात मुलींसाठी खोली बांधून तयार. त्याच उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचं नौकानयन पहिल्यांदा आलं आणि क्रिस तिथे अमेरिकेकडून खेळली.

तू असलं काही करावंस म्हणून सांगत नाही, तुझ्या आईचा मला फोन येईल. सांगायचंय ते इतकंच, की लाज त्या मुलींना वाटली नाही असं नव्हे. ती त्यांनी विद्यापीठाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तुझ्यापुरतं असं कर. तोंडी सांगू नकोस, लिहून दे. पुढच्या स्पर्धेची प्रवेशिका जाण्याआधी कर्णधाराच्या सहीने क्रीडा संचालकांना अर्ज द्या : आयोजक कॉलेजकडून लेखी विचारावं, की मुलींना कडी-कोयंडा असलेली खोली, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि सोबत महिला शिक्षिका यांची सोय आहे का. "खोली" एवढंच लिहू नका, कडी लिहा. अर्जावर पोच घ्या, फोटो काढून ठेवा. सर वाईट नाहीत म्हणतेस ना, मग त्यांच्या हातात कागद दिलास की त्यांनाही वरच्यांपुढे बोलायला बळ येईल. लाज वाटत असेल तर बोलायला वाटेल, अर्जाला वाटत नाही.

आणि कुणी डोकावलं, मोबाइल धरला, तर ती गैरसोय राहत नाही, गुन्हा होतो. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्ष बाईंचं नाव आणि नंबर आत्ताच शोधून ठेव, स्पर्धेच्या आदल्या रात्री नको.

प्रश्न : कबड्डीत मुलींचं मैदान मुलांपेक्षा लहान का असतं? सर म्हणतात, मुलींना झेपत नाही.
— इयत्ता आठवी, जळगाव

उत्तर : शाब्बास, मापं घेऊन विचारलंस. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. आम्ही खेळायचो तेव्हा डावही त्यांचा २० मिनिटांचा आणि आमचा १५. आम्हाला झेपतं का, हे विचारायला कुणी आलं नव्हतं.

"झेपत नाही"चा इतिहास फार जुना आहे, बाळा. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शेवटी काही जणी दमून बसल्या, वर्तमानपत्रांनी त्याचा तमाशा केला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद. पुरुष दमून पडले की त्याला जिद्द म्हणतात. अमेरिकेच्या आयोवा राज्यात तर शाळेच्या मुली १९९३ पर्यंत वेगळंच बास्केटबॉल खेळायच्या. संघात सहा जणी, तीन हल्ल्याला, तीन बचावाला, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. गंमत म्हणजे त्या खेळाला तिथे तुफान गर्दी व्हायची आणि तो बंद झाल्यावर हळहळणाऱ्या बायकाही होत्या. त्यामुळे वेगळा नियम म्हणजे वाईटच, असं मी तुला सांगणार नाही. फक्त सरांना विचार, की आमची आठशे मीटरची वेळ तुम्ही शेवटची कधी घेतलीत? घेतली नसेल तर घ्यायला लाव.

प्रश्न : मुलींच्या संघाला प्रशिक्षक बाईच असावी असं मला वाटतं. मुलगी मोकळेपणाने बोलू शकते. तुमचं मत?
— एक आई, ठाणे

उत्तर : बाई असावी, असं मलाही वाटतं, पण मिळाली पाहिजे. अमेरिकेत इथे उलटंच झालं. टायटल नाइनच्या आधी कॉलेजातल्या मुलींच्या संघांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक बायका होत्या. मुलींच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, आणि पुरुषांचे अर्ज येऊ लागले. आज ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. मुलींच्या कॉलेज खेळांची बायकांनी चालवलेली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना होती, तीही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिटली. स्पर्धा एनसीएएने घेतल्या. पैसा आला म्हणजे अधिकारही येतोच, असं धरून चालू नका.

पण पुरुष म्हणून मोडीतही काढू नका. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये रॉडरिक जॅक्सन नावाचे मुलींच्या बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. मुलींना निधी, साहित्य, सोयी मुलांसारख्या मिळत नाहीत अशी तक्रार त्यांनी केली, आणि त्यांचं प्रशिक्षकपद गेलं. ते लढले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की तक्रार केली म्हणून सूड उगवणं हाही याच कायद्याखालचा भेदभाव, आणि तक्रार करणारा स्वतः पुरुष असला तरी तो दाद मागू शकतो. ठाण्यात सर मिळाले तर त्यांना पहिला प्रश्न हा विचारा : मुलींच्या वेळेवर मुलांचा सामना लावला, तर तुम्ही कुणाशी भांडाल? दुसरा प्रश्न विचारायची वेळ बहुधा येत नाही.

प्रश्न : माझी नात दहावीला गेली. खो-खो छान खेळते, गेल्या वर्षी विभागापर्यंत गेली होती. आता सगळे म्हणतात, बोर्डाचं वर्ष आहे, खेळ बंद. पोरगी रडते. मी मध्ये पडावं का?
— एक आजी, धाराशिव

उत्तर : आजी, पडा मध्ये, अगदी पदर खोचून पडा. घरात तिच्या आगेमागे एखादा भाऊ असेल तर आधी एवढं विचारा, की त्याच्या दहावीला त्याचं क्रिकेट किती दिवस बंद होतं. मग जे घुटमळत उत्तर येईल ते ऐकून घ्या आणि पुढच्या कामाला लागा.

काम असं. शालेय स्पर्धांत ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. कुठल्या पातळीला किती, हे शाळेच्या क्रीडा शिक्षकांना विचारून घ्या. दर वर्षी खात्री केलेली बरी. गुण आपोआप पडत नाहीत. शाळेला वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून बोर्डाकडे जातो. शाळा विसरल्याने गुण हुकलेल्या मुली मी शिक्षिका असताना पाहिल्या आहेत. तेव्हा तुम्ही स्वतः शाळेत जा, मुदत कधीची ते कागदावर लिहून आणा. सराव सकाळचा ठेवून संध्याकाळ अभ्यासाला देता येते का, तेही सरांशी बोला. नातीची सगळी प्रमाणपत्रं आहेत का बघा, त्यावर नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का तपासा. अन् शाळेत द्याल ती झेरॉक्स, मूळ प्रत तुमच्या ट्रंकेत.